साताऱ्याची चढण, दुखरी टाच आणि औषधांची पिशवी: 63 वर्षांच्या एका हौशी धावपटूचे प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातील गृहस्थ पुण्यात कोथरूडला राहतात आणि बँकेतून निवृत्त झालेले आहेत. घटना घडली तेव्हा त्यांचे वय 63 होते. त्यांच्या संमतीने हे लिहिले असून ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. पुढे त्यांचा उल्लेख 'क' असा केला आहे. ज्या गटाबरोबर ते धावतात त्या गटाच्या सरावाचे नियोजन प्रस्तुत लेखकाकडे असते, त्यामुळे बहुतेक घडामोडी जवळून पाहता आल्या आणि उरलेल्या क यांनी व त्यांच्या फिजिओथेरपिस्टने सांगितल्या.

क यांनी पन्नाशी उलटल्यावर धावायला सुरुवात केली. त्यांचा वेग कधीच फार नव्हता, पण सातत्य असे की गटातली तरुण मुले पावसाचे निमित्त सांगून घरी राहिली तरी काका टेकडीवर हजर. आठवड्यातले तीन दिवस वेताळ टेकडी, एक दिवस घराजवळ सपाट रस्त्यावर सावकाश धाव आणि रविवारी आलटून पालटून खडकवासल्याच्या दिशेने लांब पल्ल्याची धाव किंवा आतकरवाडीतून सिंहगड, असा त्यांचा क्रम होता. वेताळ टेकडी हा पुणे शहरातला सर्वात उंच भाग. उन्हाळ्यात तिथल्या पायवाटा मुरमाड आणि कोरड्या असतात. जुलैमध्ये त्याच वाटांवर चिखल होतो, उघड्या खडकावर शेवाळ धरते आणि खाणीच्या बाजूची वाट बेभरवशाची होते. म्हणून पावसाळ्यात अनुभवी मंडळी टेकडीवरच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेकडे चढणाऱ्या डांबरी रस्त्यावरच चढाचा सराव करतात. क यांचाही तोच रिवाज होता.

वर्षभराच्या सरावाला आकार देणारी त्यांची शर्यत म्हणजे सातारा हिल हाफ मॅरेथॉन. 2012 पासून भरणारी ही शर्यत साधारणपणे ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरमध्ये असते. अंतर अर्धमॅरेथॉनचे, म्हणजे 21 किलोमीटरांहून थोडे अधिक. पण खरी ओळख यवतेश्वर घाटाची. शहरातून बाहेर पडले की कासच्या दिशेने चढ सुरू होतो, तो जवळजवळ अर्ध्या अंतरापर्यंत सुटत नाही आणि मग त्याच रस्त्याने खाली यायचे. क यांनी ही शर्यत पूर्वी पूर्ण केलेली होती. त्या वर्षी घाटात एकदाही न चालता वर पोहोचायचे, असे त्यांनी ठरवले होते. संपूर्ण प्रकरणात या एका इच्छेचा वाटा मोठा आहे.

अडचण कशी उभी राहिली

जूनच्या शेवटापासून तीन आठवड्यांत तीन गोष्टी एकामागोमाग घडल्या. त्या सुट्या सुट्या पाहिल्या तर कोणतीच गंभीर वाटत नाही.

पहिली गोष्ट सरावाची. चढाच्या फेऱ्या त्यांनी सहावरून दहावर नेल्या. वेळापत्रकात ही वाढ दीड महिन्यात विभागलेली होती. ती त्यांनी तीन आठवड्यांत उरकली. दुसरी गोष्ट बुटांची. जुन्या बुटांचा तळ झिजल्यामुळे त्यांनी चिखलासाठी खोल खाचांचे नवे बूट घेतले. जुन्या बुटात टाच चवड्यापेक्षा 10 मिलिमीटर उंच होती, नव्या बुटात केवळ 4 मिलिमीटर. टाच जितकी खाली, तितका पोटरीवर आणि पोटरीला टाचेच्या हाडाशी जोडणाऱ्या अकिलीज टेंडनवर ताण जास्त. सपाट रस्त्यावर हा फरक पचून जातो. चढावर, जिथे टाच आधीच चवड्याच्या खाली जाते, तो प्रत्येक पावलाला भोवतो.

तिसरी गोष्ट धावण्याशी संबंधित आहे असे कोणालाच वाटले नाही. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात क यांना ताप आला आणि लघवीला जळजळ होऊ लागली. त्यांना प्रोस्टेटच्या वाढीचा त्रास होताच. घराजवळच्या डॉक्टरांनी मूत्रमार्गाच्या संसर्गाचे निदान करून लिव्होफ्लॉक्सासिनची 500 मिलिग्रॅमची गोळी रोज एक, याप्रमाणे सात दिवस घ्यायला सांगितली. मधुमेह, रक्तदाब, ॲलर्जी यांची चौकशी झाली. 'व्यायाम काय करता?' हे डॉक्टरांनी विचारले नाही आणि विचारण्याजोगे आहे असे क यांनाही वाटले नाही. तापाच्या औषधासाठी गेलेला माणूस टेकडीची गोष्ट कशाला काढेल?

तीन दिवसांत ताप उतरला. पाचव्या दिवशी, गोळ्या चालू असतानाच, 'चार दिवस वाया गेले' या हिशेबाने ते चढाच्या फेऱ्यांना आले. दोन दिवसांनी सकाळी पलंगावरून उतरताना दोन्ही टाचांच्या वर, पोटरीच्या खालच्या टोकाला, ताठरपणा जाणवला. पाच-दहा मिनिटे चालल्यावर तो गेला आणि धावताना तर त्याचा मागमूसही उरला नाही.

अकिलीज टेंडनच्या दुखण्याची हीच फसवी बाजू आहे. सुरुवातीच्या टप्प्यात अंग गरम झाले की वेदना विरते, त्यामुळे 'धावल्याने मोकळे होते' असा समज पक्का होतो. त्या धावण्याची वसुली दुसऱ्या दिवशी सकाळी होते. क यांनी पुढचे दोन आठवडे याच समजावर काढले. गटात सल्ले भरपूर मिळाले: बर्फ लावा, टेप लावा, पायरीच्या कडेवर उभे राहून टाचा खाली सोडून ताण द्या. यातला शेवटचा सल्ला सर्वात लोकप्रिय आणि त्या अवस्थेत सर्वात अयोग्य होता, कारण चिडलेल्या टेंडनला पूर्ण लांबीपर्यंत ताणून धरल्याने ते आणखी चिडते. कोणीतरी फौजा सिंग यांचे छायाचित्रही गटावर टाकले. 2011 मध्ये वयाच्या शंभराव्या वर्षी टोरंटोची मॅरेथॉन पूर्ण करणाऱ्या माणसाबद्दल आदरच आहे. परंतु त्यांच्या उदाहरणाचा कोथरूडच्या एका दुखऱ्या टाचेला काय उपयोग, हे त्या वेळी कोणी विचारले नाही.

जुलैच्या शेवटच्या रविवारी ते सिंहगडावर गेले. आतकरवाडीची वाट अर्धी झाल्यावर उजवा पाय दुखू लागला, पण वर ताक पिऊन, थोडे बसून ते उतरले. उतरताना त्रास झाला नाही, म्हणून चिंताही वाटली नाही. सोमवारी सकाळी वरच्या फडताळातला पोह्यांचा डबा काढण्यासाठी त्यांनी टाचा उचलल्या आणि दोन्ही पायांत एकदम कळ गेली. उजव्या पायात इतकी की डबा तसाच सोडून त्यांना ओट्याचा आधार घ्यावा लागला. त्या दिवशी जिन्यावरून ते कठडा धरून, एकेक पायरी आडवे होत उतरले. पत्नीने तिथेच निक्षून सांगितले, "आता डॉक्टरांना दाखवल्याशिवाय बूट घालायचे नाहीत."

निदानाचा मार्ग

आधी दाखवलेल्या अस्थिरोगतज्ज्ञांनी पाय तपासला, पोटरी दाबून पाऊल खाली वळते का ते पाहिले आणि टेंडन तुटलेले नाही याची खात्री केली. ही तपासणी साधी असते, पण महत्त्वाची असते. पोटरी दाबल्यावर पाऊल हललेच नाही तर टेंडन पूर्ण तुटल्याची शंका घ्यावी लागते. पाच दिवसांच्या वेदनाशामक गोळ्या आणि टाचेखाली घालायची गादी मिळाली, आणि त्याबरोबर 'या वयात धावण्यापेक्षा चालत जा' हा सल्लाही. हा सल्ला क यांना इतका लागला की पुढच्या तपासणीला ते गेलेच नाहीत. ज्येष्ठ धावपटूंच्या बाबतीत हे वारंवार पाहायला मिळते: वय हेच कारण ठरवले गेले की दुसरी कारणे शोधण्याचे काम तिथेच थांबते, आणि रुग्णही चांगल्या तपासणीचा उरलेला भाग ऐकून घेत नाही.

आठवड्याने ते एका फिजिओथेरपिस्टकडे गेले. टेंडन नेमके कुठे दुखते, हे त्यांनी चिमटीत धरून शोधले. टाचेच्या हाडापासून चार-पाच सेंटिमीटर वर, मधल्या भागात, उजवीकडे स्पष्ट जाडी लागत होती आणि डावीकडे थोडी. दोन्ही पाय एकाच आठवड्यात दुखू लागले, ही बाब त्यांना खटकली. सरावाच्या अतिरेकाने दोन्ही बाजू दुखणे अशक्य नाही, तरी बहुधा एक पाय आधी कुरकुरतो. त्यांनी विचारले, "काका, गेल्या तीन महिन्यांत कोणकोणती औषधं घेतलीत?" क यांना नावे आठवेनात, म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी घरातली औषधांची पिशवीच नेली.

त्या पिशवीत गोळ्यांची एक कापलेली पट्टी होती. दहाच्या पट्टीतून दुकानदाराने सात गोळ्या कापून दिल्या होत्या, त्यामुळे औषधाचे नाव अर्धेच दिसत होते आणि माहितीपत्रक मिळण्याचा प्रश्नच नव्हता. नावाची खात्री डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून करावी लागली.

लिव्होफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन ही फ्लुओरोक्विनोलोन गटातली प्रतिजैविके आहेत. अमेरिकेच्या औषध नियामकाने 2008 मध्ये या गटाच्या औषधांवर चौकटीतला ठळक इशारा छापणे बंधनकारक केले. त्याचा आशय असा की या औषधांमुळे टेंडनचा दाह होण्याचा आणि ते तुटण्याचा धोका वाढतो, आणि 60 वर्षांवरील व्यक्तींमध्ये, स्टेरॉइड घेणाऱ्यांमध्ये व अवयव प्रत्यारोपण झालेल्यांमध्ये तो अधिक असतो. सर्वात जास्त झळ अकिलीज टेंडनला बसते. त्रास पहिल्या काही दिवसांतच सुरू होऊ शकतो, तसाच औषध थांबल्यावर काही महिन्यांनीही उद्भवू शकतो. धोका एकंदरीत कमीच आहे. बहुसंख्य लोकांना ही औषधे घेऊन काहीही होत नाही आणि काही संसर्गांत त्यांची खरोखरच गरज असते. मात्र 63 वर्षांचा, चढाचा सराव नुकताच वाढवलेला आणि सपाट टाचेचे बूट नुकतेच घेतलेला माणूस त्या बहुसंख्येत बसतो का, हा प्रश्न गोळी सुरू करण्याच्या वेळी विचारता आला असता.

सोनोग्राफीत दोन्ही टेंडनमध्ये जाडी दिसली, फाटल्याची खूण दिसली नाही. दुखण्याला औषधच कारणीभूत होते असे कोणी ठामपणे म्हणू शकत नाही. चढ, बूट आणि औषध ही तिन्ही कारणे त्याच तीन आठवड्यांत आली आणि त्यांना वेगळे करण्याची चाचणी नाही. फिजिओथेरपिस्टने मात्र एक व्यावहारिक निष्कर्ष काढला: औषधाचा संशय असेल तर टेंडन दिसते त्यापेक्षा नाजूक आहे असे धरून चालावे, आणि नेहमीपेक्षा सावकाश पुढे जावे.

समोरचे पर्याय

ऑगस्टचा पहिला आठवडा संपत आला होता. शर्यतीला महिनाही उरला नव्हता. शुल्क भरलेले, साताऱ्यात राहण्याची खोली आरक्षित केलेली आणि कासच्या फुलांचा हंगाम असल्याने पत्नीचाही बेत ठरलेला होता.

टेप लावून, शर्यतीच्या सकाळी वेदनाशामक गोळी घेऊन धावायचे आणि नंतर विश्रांती घ्यायची, हा पर्याय क यांना सर्वात जवळचा वाटत होता आणि त्यांनी तो बराच काळ सोडला नाही. त्यामागचा युक्तिवाद असा की उतारावर त्रास होत नाही, म्हणजे अर्धी शर्यत निर्वेध आहे. त्यात मेख अशी होती की उरलेली अर्धी शर्यत हाच यवतेश्वरचा घाट होता. शिवाय वेदना दाबल्याने ताण कमी होत नाही, केवळ सूचना ऐकू येणे बंद होते. धावताना अकिलीज टेंडनवर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो. संशयित टेंडनवर दहा किलोमीटरांचा सलग चढ लादणे म्हणजे ते तुटण्याची जोखीम पत्करणे होते, आणि तुटलेले टेंडन साठीनंतर माणसाला अनेक महिने मागे नेते.

एका परिचिताने स्टेरॉइडच्या इंजेक्शनचा मार्ग सुचवला. त्यांच्या खांद्याला त्याने आराम पडला होता. खांद्याची गोष्ट वेगळी. अकिलीज टेंडनमध्ये असे इंजेक्शन टेंडन तुटण्याच्या भीतीने सहसा टाळले जाते, आणि या औषधगटाच्या इशाऱ्यात स्टेरॉइडचा उल्लेख स्वतंत्रपणे आहे. फिजिओथेरपिस्टने या पर्यायावर चर्चाच होऊ दिली नाही, आणि ते योग्यच होते.

पूर्ण विश्रांतीचा पर्याय सुरक्षित वाटतो, पण टेंडन नुसत्या विश्रांतीने सुधारत नाही. भार काढून घेतला की दुखणे थांबते आणि ताकदही जाते. परत धावायला लागले की दुखणे परत. चौथा मार्ग शर्यत सोडून, काही आठवडे भार अगदी कमी ठेवून, नंतर टप्प्याटप्प्याने पोटरी व टेंडन बळकट करण्याचा होता. त्यात हंगाम हातचा जाणार होता.

याखेरीज एक आडवाट निघाली. गटातल्या एका तरुणाने क यांचा बिब, म्हणजे छातीवर लावायचा शर्यतीचा क्रमांक, लावून आपण धावू, असे सुचवले. पैसे फुकट जाऊ नयेत एवढाच त्याचा हेतू होता. क यांनी नकार दिला. बिबवर ज्याचे वय आणि ज्याच्या घरचा दूरध्वनी नोंदलेला आहे तो माणूस रस्त्यावर नसेल, तर घाटात काही झाल्यावर रुग्णवाहिकेतले लोक चुकीच्या घरी फोन करतील. आणि साठीच्या वयोगटात तिशीतल्या पायांची वेळ लागेल, ती वेगळीच. शर्यतींच्या दुनियेत ही प्रथा सर्रास चालते, म्हणून हा नकार नोंदवण्याजोगा वाटतो.

काय केले

क यांनी चौथा पर्याय स्वीकारला. पण एका बैठकीत नव्हे. फिजिओथेरपिस्टने वाद घालण्याऐवजी त्यांना एक चाचणी दिली: भिंतीला बोटे टेकवून, एका पायावर उभे राहून, टाच सावकाश उचलायची. डाव्या पायावर बारा वेळा जमले, उजव्यावर तिसऱ्याला वेदनेने थांबावे लागले. साताऱ्याच्या घाटात हीच हालचाल दर पावलाला करायची आहे, हे वेगळे सांगावे लागले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी गटाला आपण धावणार नसल्याचे कळवले. पत्नीसह ते साताऱ्याला मात्र गेले, कास पाहून आले. शर्यत पाहायला थांबले नाहीत.

पहिले तीन आठवडे धावणे, चढ आणि टेकडी बंद ठेवून सपाट जागी चालणे व सायकल एवढेच ठेवले. नव्या बुटांऐवजी उंच टाचेचे जुन्या धाटणीचे बूट आले. व्यायाम होता तो टाच अर्धवट उचलून तशीच धरून ठेवण्याचा, कारण त्यात टेंडनवर भार येतो पण ते ताणले जात नाही. त्यानंतर सावकाश टाच उचलणे व तितकीच सावकाश खाली आणणे सुरू झाले, आधी सपाट जमिनीवर आणि बऱ्याच काळाने पायरीच्या कडेवर.

या उपचाराचा पाया स्वीडनच्या हाकन आल्फ्रेडसन यांनी 1998 मध्ये मांडलेल्या व्यायामक्रमात आहे: गुडघा सरळ ठेवून आणि गुडघा वाकवून, प्रत्येकी पंधराच्या तीन फेऱ्या, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. म्हणजे दिवसाला 180 वेळा टाच खाली सोडायची. क यांच्यासाठी हे प्रमाण जास्त ठरले असते. पुढच्या काळात असेही दिसून आले आहे की आठवड्यातून तीन वेळा, अधिक वजनाने आणि संथ गतीने केलेल्या व्यायामाचाही तितकाच उपयोग होतो. त्यांना हाच दुसरा क्रम दिला गेला. वजनासाठी पाठीवरच्या पिशवीत तांदळाच्या पुड्या भरल्या जात आणि त्या दर पंधरवड्याला वाढत.

वेदना शून्य असावी अशी अट नव्हती. दहापैकी तीनपर्यंत चालेल, पण दुसऱ्या सकाळचा ताठरपणा आदल्या सकाळपेक्षा वाढता कामा नये, हा नियम होता. क यांनी बँकेतल्या सवयीने सकाळच्या ताठरपणाची मिनिटे वहीत लिहायला सुरुवात केली. सप्टेंबरमध्ये पंधराच्या आसपास असलेला आकडा दिवाळीपर्यंत पाचवर आला. गणपतीच्या दिवसांत मात्र तो अचानक वाढला, आणि वहीवरूनच लक्षात आले की विसर्जनाच्या रात्री ते सपाट चपला घालून चार तास उभे होते.

परिणाम

नोव्हेंबरच्या अखेरीस एक मिनिट धावणे, दोन मिनिटे चालणे, असे सुरू झाले. फेब्रुवारीत त्यांनी 10 किलोमीटरांची एक सपाट शर्यत विनातक्रार पूर्ण केली. टेकडी मार्चमध्ये परत आली, आणि चढाच्या फेऱ्या त्यानंतर महिन्याने, आठवड्यातून एकदाच. पुढच्या वर्षी ते साताऱ्याला उतरले तेव्हा घाटातले तीव्र टप्पे ठरवून चालले आणि आधीच्या सर्वोत्तम वेळेपेक्षा वीसेक मिनिटे उशिरा पोहोचले. एकदाही न चालता वर जाण्याचा संकल्प त्यांनी सोडलेला नाही, पुढे ढकलला आहे, असे ते म्हणतात. डावी बाजू पूर्ण बरी आहे. उजव्या टेंडनची जाडी हाताला अजून लागते आणि थंडीत पहिली काही पावले जड पडतात.

निर्णयाचे क्षण आणि वेगळे काय करता आले असते

सर्वात महत्त्वाचा क्षण दवाखान्यातला होता. 'मी आठवड्यातून पाच दिवस धावतो आणि शर्यतीचा सराव चालू आहे' हे एक वाक्य तिथे बोलले गेले असते, तर दुसरे योग्य औषध आहे का, याचा विचार तरी झाला असता. हेच औषध आवश्यक ठरले असते, तर निदान चढ थांबवण्याची सूचना मिळाली असती. ताप उतरल्यावर लगेच, गोळ्यांच्या पाचव्या दिवशी चढाला जाणे औषधाचा प्रश्न बाजूला ठेवला तरी घाईचे होते. तापानंतरचा पहिला आठवडा हा हुकलेला सराव भरून काढण्याचा नसतो, हे साठीनंतर अधिकच खरे आहे.

दुसरा क्षण टाचेच्या पहिल्या ताठरपणाचा. प्रतिजैविक चालू असताना किंवा नुकतेच संपल्यावर टेंडन दुखू लागले, तर व्यायाम थांबवून त्याच डॉक्टरांना त्याच दिवशी कळवायला हवे. गोळ्या आपल्या मनाने बंद करणे हा मार्ग नव्हे, कारण अर्धवट उपचार झालेला मूत्रमार्गाचा संसर्ग स्वतःच धोक्याचा असतो. औषध बदलायचे का, ते डॉक्टर ठरवतील. इथे ताठरपणा आणि तपासणी यांच्यात दोन आठवड्यांहून अधिक काळ आणि एक सिंहगड गेला.

बूट आणि फेऱ्या एकाच वेळी बदलण्याबाबत गटाने आपली पद्धत बदलली आहे. पन्नाशीपुढच्या सदस्यांनी नवे बूट आधी सपाट रस्त्यावर काही आठवडे वापरायचे आणि त्या काळात चढ वाढवायचा नाही, असे आता वेळापत्रकातच लिहिलेले असते. सरावाच्या नोंदवहीत आजारपण व औषधे यांसाठी एक रकाना वाढवला आहे. काही जणांना तो खासगी बाबीत ढवळाढवळ वाटतो आणि ते तो रिकामा ठेवतात. सक्ती केलेली नाही.

अस्थिरोगतज्ज्ञांकडे पुन्हा न जाण्याचा क यांचा निर्णय मात्र प्रस्तुत लेखकाला पटत नाही. सल्ला न आवडणे आणि तपासणी अर्धवट सोडणे या वेगळ्या गोष्टी आहेत. सोनोग्राफी तिथेच आठवडाभर आधी झाली असती. क यांचे मत अजूनही वेगळे आहे आणि ते त्यावर ठाम आहेत.

त्यानंतरच्या हिवाळ्यात त्यांना मूत्रमार्गाचा संसर्ग पुन्हा झाला. या वेळी त्यांनी दवाखान्यात बसताबसताच मागचा अनुभव सांगितला आणि जुनी चिठ्ठी पुढे ठेवली. डॉक्टरांनी लघवीची कल्चर (जंतू ओळखण्याची) तपासणी पाठवून दुसऱ्या गटातले औषध सुरू केले, अहवाल आल्यावर तेच पुढे चालू ठेवले आणि केसपेपरवर ॲलर्जीच्या रकान्याशेजारी या औषधगटाचे नाव लाल शाईने लिहिले. क दोन आठवडे सपाट रस्त्यावर चालले आणि मग टेकडीवर परतले.